कंबरेच्या हाडातल्या स्टेम सेलपासून इन्सुलिनच्या पेशी होतात का?

जुळे सोलापुरातल्या एका वडिलांनी विचारलंय. मुलगा ९ वर्षांचा, टाईप १ डायबेटिस, दोन वर्षं झाली, दिवसाला चार सुया. एका मोठ्या शहरातलं सेंटर त्यांना म्हणतंय की कंबरेच्या हाडातून मुलाच्याच स्टेम सेल काढतो, स्वादुपिंडाला रक्त नेणाऱ्या नळीत सोडतो, तिथं जाऊन त्या इन्सुलिनच्या पेशी होतात, सहा महिन्यांत इन्सुलिन बंद, खर्च ४ लाख. शिवाय त्यांनी पेपरात वाचलंय की परदेशात स्टेम सेलपासून इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी केल्या आणि पेशंटचं इन्सुलिन खरोखर सुटलं. तर हे तेच आहे का, गावाकडची एकरभर जमीन विकून करून टाकावं का, आणि धाकटीच्या नाळेचं रक्त बँकेत ठेवलंय ते चालेल का.

दादा, आधी सरळ उत्तर देते. हे ते नाही. पेपरातली बातमी खरी आहे, सेंटरनं सांगितलेलं खरं नाही, आणि दोन्हीकडं 'स्टेम सेल' (जिच्यापासून दुसऱ्या पेशी तयार होऊ शकतात अशी पेशी) हा एकच शब्द वापरलाय म्हणून सगळा घोळ होतोय. जमीन विकू नका. आता का ते सविस्तर सांगते, कारण नुसतं नाही म्हटलं तर उद्या दुसरं सेंटर दुसऱ्या शब्दांत तेच सांगेल आणि तुम्ही परत तिथंच याल.

मी डॉक्टर नाही, मी लॅबमधली. सोलापूरची, पूर्व भागातली, पण पुण्यात बरीच वर्षं एका लॅबमध्ये स्टेम सेलपासून बीटा पेशी (स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी) बनवायचं काम केलं, म्हणजे रोज सकाळी जाऊन त्या पेशींचं मीडियम, म्हणजे त्यांचं खाद्य असलेलं पाणी, बदलायचं, मोजायच्या, रंगवून बघायच्या, आणि बहुतेक वेळा फेकून परत पहिल्यापासून सुरू करायचं. रविवार नाही, दिवाळी नाही, पेशींना खायला रोज लागतं. आता परत सोलापुरात आलेय आणि कॉलेजात शिकवते. त्यामुळं इन्सुलिनचा डोस किती घ्यायचा हे मी सांगणार नाही, ते तुमच्या मुलाचे डॉक्टरच सांगतील, पण पेशीला काय करता येतं आणि काय येत नाही हे मी सांगू शकते.

तुमचा प्रश्न वरून 'स्टेम सेलची इन्सुलिन पेशी होते का' असा दिसतो. त्याचं उत्तर २०१४ पासून 'होते' असंच आहे. पण तुमच्या मुलासाठी खरा प्रश्न वेगळा आहे. कुठली स्टेम सेल, ती जी पेशी होते ती साखर बघून इन्सुलिन सोडते का आणि वेळेवर थांबते का, आणि ज्या शरीरानं आधीच्या बीटा पेशी मारून टाकल्या त्याच शरीरात ही नवी पेशी जगणार कशी. सेंटरवाले या तिन्ही गोष्टींवरून उडी मारून थेट 'सहा महिन्यांत बंद' वर येतात.

बीटा पेशी म्हणजे नुसता इन्सुलिनचा नळ नाही हे आधी डोक्यात घ्या. बीटा पेशी स्वादुपिंडात छोट्या पुंजक्यांत असतात, त्या पुंजक्यांना बेटं म्हणतात. स्वादुपिंडाचा साधारण १ ते २ टक्केच भाग या बेटांचा असतो, लँगरहॅन्सनं १८६९ साली ती पहिल्यांदा पाहिली म्हणून त्यांना त्याचं नाव आहे. त्या बेटातली बीटा पेशी रक्तातली साखर आत घेते, जाळते, त्यातून जी शक्ती तयार होते तिच्यामुळं पेशीच्या भिंतीतली पोटॅशियमची दारं बंद होतात, मग कॅल्शियम आत घुसतं आणि इन्सुलिनच्या भरून ठेवलेल्या पुड्या बाहेर फुटतात. साखर उतरली की हे सगळं उलटं होऊन इन्सुलिन थांबतं. तुमच्या पोरानं दोन भाकरी खाल्ल्या की एक आणि जेवण झाल्यावर तो गल्लीत क्रिकेट खेळला की झोपला, हे निरोगी पोराच्या बीटा पेशीला कुणी सांगावं लागत नाही, ती मिनिटामिनिटाला स्वतः मोजत असते. तुम्ही सुई घेऊन जे दिवसातून चार वेळा अंदाजानं करता ते ती न चुकता करते. म्हणून इन्सुलिन बनवणारी पण न थांबणारी पेशी अंगात घातली तर ती औषध नाही, धोका आहे. झोपेत शुगर लो झाली तर काय होतं हे तुम्ही दोन वर्षांत एकदा तरी बघितलं असेल.

आता कुठली स्टेम सेल. बातमीतल्या पेशी ज्यापासून केल्या त्या कुठलीही पेशी होऊ शकणाऱ्या स्टेम सेल. या एक तर अगदी सुरुवातीच्या भ्रूणातून मिळतात, १९९८ साली अमेरिकेत जेम्स थॉमसननी माणसाच्या अशा पेशी पहिल्यांदा लॅबमध्ये वाढवल्या, नाहीतर मोठ्या माणसाच्या साध्या कातडीच्या किंवा रक्ताच्या पेशीला परत बाल्यावस्थेत नेऊन करतात. हे दुसरं जपानच्या शिन्या यामानाकांनी २००६ मध्ये उंदरात आणि २००७ मध्ये माणसाच्या पेशीत करून दाखवलं, फक्त चार जीन घालून, आणि २०१२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. कंबरेच्या हाडातल्या स्टेम सेल या त्या नव्हेतच. त्यातल्या काही रक्त बनवतात, काही हाड, कूर्चा, चरबी बनवतात. त्या आपापल्या घराण्यातच राहतात. नुसतं स्वादुपिंडाजवळ नेऊन सोडलं म्हणून त्या बीटा पेशी होत नाहीत, कोष्ट्याचं पोर सोनाराच्या दुकानात नेऊन बसवलं म्हणून संध्याकाळपर्यंत दागिने घडवत नाही तसंच. नाळेच्या रक्ताचंही हेच, त्यात रक्त बनवणाऱ्या पेशी असतात. अमेरिकेत टाईप १ च्या मुलांना त्यांचंच जपून ठेवलेलं नाळेचं रक्त देऊन बघितलं होतं, उरलंसुरलं इन्सुलिन टिकवण्यात फायदा दिसला नाही. तुमच्याकडं तर बहिणीचं आहे. ते राहू द्या, पण या कामासाठी त्याच्या आशेवर बसू नका.

मग लॅबमध्ये होतं कसं. माझे वडील डायिंगमध्ये होते, टॉवेलचं सूत रंगवायचे, तर मी त्यांना हे असं सांगायचे. कच्चं सूत थेट रंगात बुडवलं तर रंग धरत नाही, आधी उकळायचं, मग ब्लीच, मग रंग, मग धुणं, आणि प्रत्येक पाण्यात किती वेळ, किती गरम, हे चुकलं की पुढचं सगळं वाया. पेशीचं तसंच. आईच्या पोटात स्वादुपिंड ज्या क्रमानं तयार होतं त्याच क्रमानं आम्ही पेशीला एकेक निरोप देत जातो. पहिले तीनेक दिवस ॲक्टिव्हिन नावाचं प्रोटीन, त्यानं पेशी आतड्याकडच्या थरात जाते. ही पहिली पायरी २००५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका कंपनीच्या लोकांनी नीट बसवली, तोपर्यंत सगळे अंधारात चाचपडत होते. मग दुसरं प्रोटीन, त्यानं आतड्याची नळी. मग व्हिटॅमिन ए पासून होणारं रेटिनॉइक ॲसिड, त्यानं पेशी स्वादुपिंडाच्या वाटेला लागते आणि तिच्यात पीडीएक्स-१ नावाचा जीन पेटतो. मग एनकेएक्स ६.१ हा दुसरा जीन यावा लागतो. त्यानंतर न्यूरोजेनिन-३ हा तिसरा जीन थोड्या वेळापुरता चालू व्हावा लागतो, तेव्हा पेशी ठरवते की मी हार्मोन बनवणारी होणार. मग थायरॉईडचं हार्मोन आणि आणखी काही औषधं देऊन ती पिकवायची. सगळं मिळून महिना, सव्वा महिना. शेवटी डिशमध्ये डोळ्याला जेमतेम दिसतील असे पांढरट ठिपके तरंगतात, एकेका ठिपक्यात शेकडो हजारो पेशी.

आणि इथंच मी सगळ्यात मोठी चूक केली होती, ती सांगते, कारण सेंटरवाले तुम्हाला जे दाखवतील ते ओळखायला तीच उपयोगी पडेल. माझ्या पहिल्या चांगल्या बॅचमध्ये शेवटी पेशी इन्सुलिनच्या रंगानं रंगवल्या आणि मायक्रोस्कोपखाली लालबुंद दिसल्या. मी धावत जाऊन सगळ्यांना बोलावलं, घरी फोन केला, वडिलांना म्हटलं जमलं. मॅडम आल्या, बघितलं आणि एवढंच विचारलं, साखरेची टेस्ट केलीस का. ती टेस्ट अशी, पेशी एक तास कमी साखरेत ठेवायच्या, आपल्या भाषेत साधारण ५० शुगर, मग एक तास ३०० मध्ये, मग परत ५० मध्ये, आणि प्रत्येक वेळी बाहेर इन्सुलिन किती आलं ते मोजायचं. माझ्या पेशींनी ५० ला जेवढं सोडलं तेवढंच ३०० ला सोडलं. त्यांना साखर दिसतच नव्हती. पुढं बघितलं तर त्याच पेशी इन्सुलिनबरोबर ग्लुकॅगॉन पण बनवत होत्या, म्हणजे साखर उतरवणारं आणि चढवणारं हार्मोन एकाच पेशीत, खऱ्या बीटा पेशीत असं कधी नसतं. कारण काय तर एनकेएक्स ६.१ नीट यायच्या आधीच न्यूरोजेनिन-३ चालू झालं होतं. मी घाई केली होती. ब्लीच व्हायच्या आधी रंगात टाकलं होतं.

त्याहून वाईट प्रकार पण होतो. आपण जे मीडियम घालतो त्यातच पेशी जगाव्या म्हणून इन्सुलिन असतं, पेशी ते शोषून घेतात आणि रंगवल्यावर इन्सुलिनच्या पेशी असल्यासारख्या चमकतात, प्रत्यक्षात स्वतः काहीच बनवत नसतात. २००३ मध्ये हा घोळ उघड झाला आणि त्याच्या आधीच्या बऱ्याच दाव्यांवर प्रश्न आला. तेव्हापासून कुणीही शहाणा माणूस इन्सुलिन न बघता सी-पेप्टाईड बघतो. शरीरात इन्सुलिन तयार होताना एका लांब साखळीतून हा तुकडा कापला जातो, जेवढं इन्सुलिन तेवढं सी-पेप्टाईड. बाटलीतल्या किंवा पेनातल्या इन्सुलिनबरोबर हा तुकडा येत नाही. म्हणून रक्तात सी-पेप्टाईड असेल तरच म्हणायचं की शरीर स्वतः इन्सुलिन बनवतंय. हा शब्द लिहून ठेवा दादा, पुढं लागणार आहे.

साखर बघून इन्सुलिन सोडणाऱ्या पेशी २०१४ मध्ये जमल्या, हार्वर्डच्या डग्लस मेल्टन यांच्या लॅबमध्ये आणि जवळपास त्याच वेळी कॅनडातल्या एका गटाकडं. मेल्टनच्या दोन्ही मुलांना टाईप १ आहे, मुलगा सहा महिन्यांचा असताना कळलं आणि तेव्हा त्यांनी आपलं आधीचं संशोधन सोडून हे धरलं. एका बापाला सगळी साधनं हाताशी असताना, जगातल्या चांगल्या लॅबमध्ये, वीसेक वर्षं लागली फक्त पेशीला साखर ओळखायला शिकवायला. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण तुम्हीही बाप आहात आणि कुणी तुम्हाला सहा महिने सांगतंय.

तर इथपर्यंत एवढं झालं, पेशी बनते, साखर पण ओळखते, पण ती भ्रूणासारख्या स्टेम सेलपासून महिनाभर खपून बनते, हाडातून काढून त्याच दुपारी परत सोडून नव्हे. आता तिसरी अडचण, आणि माझ्या मते तीच आज सगळ्यात मोठी आहे.

टाईप १ मध्ये स्वादुपिंड बिघडलेलं नसतं, प्रतिकारशक्ती बिघडलेली असते. तिनं बीटा पेशींना शत्रू समजून मारलंय आणि तिची ती ओळख जात नाही. समजा उद्या मी तुमच्या मुलाच्याच कातडीपासून अगदी पहिल्या प्रतीच्या बीटा पेशी करून दिल्या, तरी त्या अंगात गेल्या की तीच फौज परत त्यांच्यावर जाईल. 'त्याच्याच पेशी आहेत म्हणजे शरीर नाकारणार नाही' हे वाक्य टाईप १ ला लागू पडत नाही, कारण मारल्या गेल्या त्याही त्याच्याच होत्या. म्हणून आज जिथं जिथं अशा पेशींनी इन्सुलिन सुटलं तिथं पेशंटला प्रतिकारशक्ती दाबायच्या गोळ्या रोज घ्याव्या लागतात, किडनी बदललेल्या माणसासारख्या.

पेपरातली बातमी बहुतेक व्हर्टेक्स कंपनीच्या पेशींची असणार, नाव झिमिस्लेसेल. मेल्टनच्याच कामातून निघालेली कंपनी व्हर्टेक्सनी २०१९ मध्ये घेतली, २०२१ मध्ये पहिल्या पेशंटला पेशी दिल्या, आणि जून २०२५ मध्ये निकाल छापून आले. पूर्ण डोस म्हणजे ८० कोटी पेशी, यकृताकडं जाणाऱ्या शिरेतून सोडतात, यकृतातच त्या रुजतात. पूर्ण डोस मिळालेले १२ जण होते, त्यातल्या १० जणांचं इन्सुलिन वर्षानंतर पूर्ण बंद होतं, बाराही जणांच्या शुगर धोकादायक लो व्हायच्या थांबल्या आणि एचबीएवनसी, म्हणजे तीनेक महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी टेस्ट, ७ च्या खाली आली. मी ते वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही, खरं सांगते, आमच्या डिशमधले ते पांढरे ठिपके माणसाच्या अंगात काम करतायत. पण त्याच पेपरात हेही आहे की एकूण १४ जणांपैकी दोघे वारले, एक मेंदूच्या आवरणाला बुरशीचा संसर्ग होऊन, दुसरा आधीपासून असलेला मेंदूचा आजार वाढून. प्रतिकारशक्ती दाबलेल्या माणसात बुरशीचा संसर्ग ही फार भीतीची गोष्ट असते. आणि या ट्रायलमध्ये घेतलेले सगळे मोठी माणसं होती, ज्यांना शुगर लो झालेली कळतच नाही आणि बेशुद्ध पडतात अशी. ९ वर्षांचं, सुईवर बरं चाललेलं पोर त्यात बसतच नाही.

चीनमध्ये तिआनजिनला २०२३ मध्ये एका २५ वर्षांच्या मुलीला तिच्याच चरबीच्या पेशींपासून बनवलेली बेटं पोटाच्या स्नायूच्या पडद्याखाली घातली, अडीच महिन्यांत तिचं इन्सुलिन सुटलं आणि वर्षभर सुटलेलं राहिलं. पण तिचं लिव्हर आधी बदललेलं होतं, त्या गोळ्या तिला चालूच होत्या. स्वीडनमध्ये एका माणसाला जीन बदलून प्रतिकारशक्तीपासून लपवलेल्या पेशी हाताच्या स्नायूत घातल्या, गोळ्यांशिवाय, आणि त्या जगल्या, स्वतःचं सी-पेप्टाईड यायला लागलं. त्या पेशी मृत दात्याच्या होत्या, स्टेम सेलच्या नव्हत्या, आणि डोस इतका कमी की इन्सुलिन चालूच राहिलं. तरी मला सगळ्यात जास्त आशा या वाटेची वाटते, कारण लहान मुलांपर्यंत हे यायचं असेल तर गोळ्यांशिवायच यावं लागेल. पेशी जाळीच्या पिशवीत बंद करून घालायचाही प्रयत्न झाला, त्यात इन्सुलिन पुरेसं आलं नाही म्हणून व्हर्टेक्सनी २०२५ मध्ये तो थांबवला.

सेंटरवाले तुम्हाला बरे झालेले पेशंट दाखवतील. त्यात दोन गोष्टी बघा. टाईप १ कळल्यावर इन्सुलिन सुरू केलं की उरलेल्या बीटा पेशींना जरा विसावा मिळतो आणि काही महिने डोस एकदम खाली येतो, कधी कधी नावाला राहतो, याला डॉक्टर हनीमून म्हणतात. त्या काळात काहीही केलं, अगदी अंगारा लावला, तरी 'फरक पडला' असंच दिसणार. दुसरं, ते २००७ च्या ब्राझीलच्या अभ्यासाचा दाखला देतील. तो खरा आहे, १५ पैकी १४ जणांचं इन्सुलिन काही काळ सुटलं होतं. पण ती सगळी आजार कळून सहा आठवडेच झालेली माणसं होती आणि त्यांची प्रतिकारशक्ती आधी जबर केमोनं पुसून काढली, स्टेम सेल दिल्या त्या नंतर रक्त परत उभं राहावं म्हणून. बीटा पेशी त्यातून झाल्या नाहीत, उरलेल्या वाचल्या. तुमच्या मुलाला दोन वर्षं झालीत.

सगळ्यांना एकच उत्तर लागू नाही हेही खरं. कुणी चाळिशीतला असेल, किडनी बदललेली असेल, गोळ्या चालूच असतील, रात्री बेशुद्ध पडत असेल, तर त्याचं गणित वेगळं, त्यानं अशा ट्रायलची चौकशी जरूर करावी. टाईप २ चं अजून वेगळं. मी फक्त तुमच्या मुलाबद्दल बोलतेय.

तुमच्या जागी मी असते तर काय केलं असतं. आधी मुलाचं सी-पेप्टाईड करून घेतलं असतं, त्याच वेळची शुगर पण सोबत, नुसतं एकटं नाही. मग सेंटरला फोन करून विचारलं असतं, तुमच्या पेशंटांचं सी-पेप्टाईड आधी किती होतं आणि वर्षानंतर किती, दाखवा. आणि तुमचा सीटीआरआय नंबर द्या. भारतात कुठलीही क्लिनिकल ट्रायल त्या सरकारी यादीत नोंदवावीच लागते आणि नंबर टाकला की कुणालाही दिसते. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०१७ च्या नियमांत स्टेम सेलचा नेहमीचा उपचार फक्त रक्ताच्या आजारांसाठी मान्य आहे, बाकी सगळं ट्रायल म्हणूनच करायचं. आणि प्रयोगासाठी प्रयोग करणाऱ्यानं पेशंटकडून चार लाख घ्यायचे नसतात. आणि एक, कुणीही, कितीही मोठी पाटी असली तरी, 'पेशी सोडल्या आता इन्सुलिन थांबवून बघू' म्हणालं तर तिथून पोराला घेऊन उठा. टाईप १ मध्ये इन्सुलिन बंद केलं की एकदोन दिवसांत केटोॲसिडोसिस, म्हणजे रक्तात आम्ल साचणं, होऊन जीव जाऊ शकतो.

त्या चार लाखांचा दहावा भाग जरी शुगर मोजायचा सेन्सर, पट्ट्या आणि चांगल्या लहान मुलांच्या डायबेटिस डॉक्टरांकडं गेला तरी पोराची शुगर सुधारेल, आणि पुढं खऱ्या पेशी येतील तेव्हा ज्याची किडनी आणि डोळे शाबूत आहेत त्यालाच त्यांचा पूर्ण फायदा होणार. आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये पारा चाळीशीच्या वर जातो, लाईट गेली की फ्रिज बंद, तेव्हा चालू पेन ओल्या मातीच्या भांड्यात ठेवा, दप्तरात उन्हात ठेवू नका. मी बघितलेत घरं, जिथं डोस बरोबर होता आणि उन्हानं इन्सुलिन खराब झालं होतं.

आणि मुलाला तुम्ही 'सहा महिन्यांत सुई सुटेल' असं सांगून बसला असाल तर आता तुम्हीच शेजारी बसून सांगा की ती तारीख खरी नव्हती. ९ वर्षांच्या पोराला कळतं. त्याला त्या पांढऱ्या ठिपक्यांचं पण सांगा, की ते आहेत, काही माणसांच्या अंगात कामाला लागलेत, आणि आज रविवार असला तरी कुठल्यातरी लॅबमध्ये कुणीतरी सकाळीच उठून त्यांना खायला घालायला गेलंय.